रिमोटचा डोळा

गुलमंडीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. प्रत्येक वायर जोडण्याआधी ते तीनदा मीटर लावून बघतात आणि ‘घाई नाय’ असं स्वतःलाच सांगतात.

लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईला कॉम्प्युटरवरची गाणी रिमोटनं लावता यावीत, म्हणून त्यांनी आमच्या घरी येऊन रिमोटचा इशारा पकडणारा इन्फ्रारेडचा डोळा यूएसबीच्या वायरीला जोडला. त्याला वीजही तिथूनच मिळणार होती. मी खुर्चीत बसून बटण दाबलं आणि गाणं लागलं.

“झालं की, काका.”

“व्हय, पण माय खुर्चीत बसती का?”

चपला काढून ते आईशेजारच्या पलंगावर आडवे झाले, उशीला डोकं टेकलं आणि बटण दाबलं. गाणं लागेना; पडल्या जागेवरून रिमोट त्या डोळ्यासमोर येत नव्हता. मग त्यांनी वायर वाढवून तो डोळा खिडकीच्या चौकटीवर बसवला.

आईनं रिमोटवर अंगठा दाबला. त्या दुपारी घरात कुठलं गाणं वाजायचं, ते तिनं ठरवलं.