मूर्तीकडं पाठ करायची न्हाई

लंकेत पाऊल न टाकता लंकेच्या चालीरीतींवर छातीठोकपणे बोलणारा माणूस साऱ्या हुबळीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामा म्हणून आला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर कधीतरी लंकेचे एक भंते मामांच्या वडिलांच्या घरी जेवायला आले होते. शाळकरी मामांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या डाव्या हातानं धरला, तेव्हा भंतेंनी मोडक्यातोडक्या हिंदीत तिकडचे दोन-तीन रिवाज हसत सांगितले. भांडवल एवढंच. पण मी शाळेत जायला लागेपर्यंत त्याचे अकरा नियम झाले, आणि मला नोकरी लागली तेव्हा ते वहीत मावेनात.

गंमत म्हणजे त्यातले निम्मे आमच्या आयांनी आम्हाला पाठीत धपाटे घालून आधीच शिकवले होते. चपला बाहेर काढाव्यात, बसलेल्या माणसाला ओलांडू नये, थोरांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी द्यावं. मामांच्या तोंडून निघालं की तेच लंकेचं व्हायचं. अमरगोळच्या बाजारात एकानं मिरचीची पिशवी डाव्या हातानं पुढं केली, तर मामा त्याच्यावर कडाडले, "लंकेत असतास तर माणसांतनं उठला असतास!" तो बिचारा म्हणाला, "मी कलघटगीचा हाय जी. लंकेला कशाला जाऊ?"

रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर मामांनी केशवापुरातल्या आमच्या गल्लीतली, स्वतःला धरून नऊ माणसं लंकेच्या यात्रेसाठी गोळा केली. त्यात मामी होती, मीही होतो. मामांना त्या यात्रेतून खरं एकच हवं होतं, मामीचा एक चांगला फोटो. लग्नात फोटोग्राफर बोलावला नव्हता, पुढं संसारात कुणाला सुचलं नाही. एकुलता एक फोटो पासपोर्टचा, आणि त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती. म्हणून मामांनी पुतण्याचा कॅमेरा मागून आणला.

मग दर रविवारी अंगणात तालीम. धुण्याचा दगड म्हणजे मूर्ती. सगळ्यांत मोठा नियम, मूर्तीकडं पाठ करायची न्हाई, फोटोसाठी तर मुळीच न्हाई. आम्ही नऊ जण धुण्याच्या दगडाला वंदन करून फाटकापर्यंत उलटे चालत जायचो. शेजारचे जाडजूड अण्णा एकदा तसेच पाण्याच्या घंगाळात जाऊन बसले. मामी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अहो, तिथं जाऊन वंदना करायची का कवायत?"

एकदाचे गेलो. पांढरे कपडे, उघडी डोकी, अनवाणी पाय, कुठं म्हणून चूक नाही. एका भल्यामोठ्या मूर्तीपुढं मामांनी आम्हा आठ जणांना ओळीत उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडले, "मूर्तीकडं बघा!" आम्ही बघितलं. तालीम इतकी पक्की, की एकालाही काही खटकलं नाही. फुलं घेऊन आलेली तिथली एक आजी मामांना खुणेनं सांगायला लागली, यांना जरा कडेला घे, मूर्तीकडं बाजू करून उभं कर, चालतं तसं. लंकेच्या बाईला मामांनी मराठीतून लंकेचा रिवाज समजावला, "आजी, बाजू केली तरी खांदा फिरतोय!" ओळीतनं मामी हळूच म्हणाली, "अहो, एकदा तुमच्याकडं बघू का?" आणि तिनं मान वळवायला घेतली. "खबरदार!" मामा म्हणाले. तिनं मान परत सरळ केली.

हुबळीला आल्यावर स्टुडिओवाल्यानं फोटोंचा गठ्ठा पुढं टाकला आणि कन्नडमधून विचारलं, "अण्णारं, मारी एल्ली?" म्हणजे, तोंडं कुठं आहेत? खरंच, रोल संपेपर्यंत नुसत्या आठ पांढऱ्या पाठी! मामी हसून हसून खाली बसली. "पुढल्या साली परत जाऊ, तवा तोंडाचा काढा," म्हणाली. मामा मात्र हसले नाहीत.

पुढलं साल आलंच नाही. थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेली. तथागतांच्या तसबिरीशेजारी ठेवायला फोटो हवा होता. पासपोर्टचाच मोठा करून घेऊ, असं सगळे म्हणाले. मामांनी ऐकलं नाही. त्यांनी त्या ओळीतली एकटी मामी मोठी करून आणली. अंबाडा, खांदे आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर. येणारी माणसं फुलं वाहायची आणि एकमेकांकडं बघायची. मला राहवलं नाही. घर रिकामं झाल्यावर मी जरा रागानंच म्हणालो, "मामा, लोक काय म्हणतील? तोंड नको दिसायला?"

मामा फोटोवरची फुलं सारखी करत होते.

"सगळ्या गोष्टी शिकलो बघ तिकडच्या," ते म्हणाले. "वळत हुती रं ती. मीच वळू दिली न्हाई."