मोलिनोची पनवती

एवारिस्तो पोन्केत्तीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायचा तो फक्त बँकेतला कारकून. बाकी सगळ्या मोलिनो वस्तीचा तो तानो; आमच्याकडे इटालियनाला तसंच म्हणतात. बाप इटलीतून आलेला, धंदा ताज्या पास्त्याचा, आणि रविवारी सकाळी त्याच्या दुकानापुढे रॅव्हिओलीसाठी रांग दिसली नाही तर समजावं, वस्तीत कुणीतरी गेलंय. हात पिठात आणि तोंड चालू, असा त्याचा जन्म गेला. जीभ भलती तिखट, पण माणूस मनाने वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही.

आमच्याकडे पोर जन्मलं की बाप्तिस्म्याच्या आधी त्याला स्पोर्तिवो मोलिनो या आमच्या फुटबॉल क्लबचं सभासद करतात. तानो आणि नासारेनो गवंडी एकाच आठवड्यात सभासद झाले, लंगोटात. पुढे शनिवारी सामना असला की दोघं स्टँडच्या एकाच पायरीवर, मांडीला मांडी लावून. त्या पायऱ्यांचा गिलावा नासारेनोने स्वतःच्या हाताने केलेला, फुकट. एखादी पायरी उखडली की पठ्ठ्या सामना सुरू असतानाही थापी आणायला घरी पळायचा.

मग एका मोसमात असं झालं, की कामावरून उशिरा सुटलेला नासारेनो येऊन पायरीवर टेकायचा आणि तो टेकला रे टेकला की समोरच्यांचा गोल. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दुसऱ्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या नासारेनोकडे लाटणं रोखत तानो म्हणाला, "बचावपटू विकत कशाला घेताय रे? त्यापेक्षा या गवंड्याला घरी बांधून ठेवा! पनवती आहे लेकाचा!"

सगळी रांग हसली. नासारेनोही हसला. थट्टाच ती.

पण आमच्या वस्तीत अशी थट्टा विझत नाही. बघता बघता लोक नासारेनोचं नाव घेईनासे झाले. 'तो गवंडी' म्हणायचे, आणि म्हणताना बाधा टळावी म्हणून पुरुष मंडळी खिशात हात घालून जे चाचपायची ते इथे सांगण्याजोगं नाही. नासारेनो पायरीवर बसला की आजूबाजूची माणसं सरकायला लागली. त्या वर्षी क्लब तिसऱ्या विभागातून वर चढण्याच्या बेतात होता. शेवटच्या सामन्याआधी चार जण तानोकडे आले आणि म्हणाले, "तुझा जिवलग आहे, तूच सांग त्याला, येऊ नको म्हणून."

तानोने सांगितलं. नासारेनोने जमिनीकडे बघत एवढंच विचारलं, "क्लबसाठी ना?"

"क्लबसाठीच रे. दुसरं काय?"

त्या शनिवारी नासारेनो बसमध्ये बसला आणि थेट नदीकाठच्या शेवटच्या थांब्यावर गेला, मैदानातला आरडाओरडा कानावर येऊ नये म्हणून. रेडिओही नेला नाही. ऐकलं तर ऐकण्याचीही बाधा व्हायची, अशी त्याला भीती. तिथे गळ टाकून बसलेल्यांमध्ये तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. आणि मोलिनो जिंकला. क्लब दुसऱ्या विभागात गेला, रस्त्यात शेकोट्या पेटल्या, तानो खांबावर चढून नाचला.

त्या दिवशी हरलो असतो तर फार बरं झालं असतं, असं तानो आता म्हणतो. कारण जिंकल्यावर नासारेनोला परत बोलावणार कोण? पुढच्या प्रत्येक घरच्या सामन्याला तो गुपचूप बसमध्ये बसायचा. वर्गणी मात्र एकदाही चुकली नाही. त्याचे केस पांढरे झाले, बायको वारली, पण शनिवारची बसवारी थांबली नाही. परतल्यावर थांब्यावर कुणी ना कुणी निकाल सांगायचं. सहसा तानोच. गोल कसा झाला, कोण पडलं, पंच कुठल्या गाढवाचा, सगळं हातवारे करून. नासारेनो डोळे मिटून ऐकायचा. आपण मित्राला सामना दाखवतोय, असं तानोला वाटायचं, आणि त्यावर तो स्वतःला माफ करून टाकायचा.

क्लबचे दिवस फिरले ते नंतर. आधीच्या अध्यक्षाने कर्जाचा डोंगर करून ठेवला आणि पायाला पाय लावून पळाला. मैदानाचे दिवे कापले गेले, खेळाडूंचे पगार थकले, बायका घरून डबे आणून त्या पोरांना जेवू घालू लागल्या. तानोचे रॅव्हिओली दर शुक्रवारी फुकट जायचे. पण उपाशी पोटाने पळता येत नाही तसंच उधारीच्या मनानेही पळता येत नाही. मोलिनो तळाला गेला. न्यायालयाने क्लबवर अधिकारी बसवला आणि त्याने स्पष्ट सांगितलं: खालच्या विभागात गेलात तर धनको थांबणार नाहीत, मैदानाला त्याच संध्याकाळी कुलूप लागेल आणि लिलाव होईल. शेवटचा सामना घरीच होता. बरोबरी पुरे होती.

आदल्या रात्री जेवताना नेलिदा, म्हणजे तानोची बायको, म्हणाली, "उद्या त्याला घेऊन जा."

"कुणाला?"

"आता माझ्यासमोर तरी नाव घे. नासारेनोला. इतकी वर्षं तो बिचारा पाऊल टाकत नाही तिथे. मग हे वाटोळं कुणाच्या पायगुणाने झालं, सांग ना? तुझ्या?"

 तिचं म्हणणं तानोला केव्हाच पटलं होतं. पण ते मान्य करायचं म्हणजे एका माणसाचे सगळे शनिवार आपण एका थट्टेपायी खाल्ले, हेही मान्य करायला हवं. ते त्याच्याने होत नव्हतं. तरी सकाळी रॅव्हिओलीचा डबा बांधून तो निघाला. चल, एवढा एकच शब्द बोलायचा होता.

दार उघडलं तेव्हा नासारेनोची दाढी झालेली होती, बूट पुसलेले होते आणि कोटाच्या गळ्यातून मोलिनोचा हिरवा स्वेटर डोकावत होता. त्याने तानोकडे पाहिलं. "तानो, आज...?"

आणि तानोचं मन फिरलं. बरोबरी पुरे आहे. एका गोलाचा प्रश्न आहे. आजच विषाची परीक्षा कशाला?

"आजचा एकच दिवस जा," तो म्हणाला. "आज वाचलो ना, की पुढच्या मोसमापासून माझ्या शेजारी बसायचं. आईशप्पथ! हरलो तर लोक तुला फाडून खातील रे, तुझ्यासाठीच सांगतोय."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि दोघांनाही ते कळलं.

नासारेनोने कोटाचं वरचं बटण लावलं. "बरोबर आहे," म्हणाला. "उगाच कशाला." डबा घेऊन तो थांब्याकडे गेला.

सामना गोलाविना शेवटाला आला होता. पायरीवर लोक एकमेकांचे दंड धरून उभे होते. तेवढ्यात एक साधासा चेंडू आमच्या गोलरक्षकाच्या हातून निसटला आणि रेषेच्या आत गेला. मैदान गप्प झालं. आणि त्या गप्प मैदानात तानोने पहिलं काय केलं असेल, तर त्याने मान वळवून गर्दीत नासारेनोला शोधलं. हा चोरून आला असेल, त्या कोपऱ्यात असेल, असावा, देवा, असावाच. नासारेनो कुठेच नव्हता. खापर फोडायला आपण काय मागत होतो ते तानोच्या लक्षात आलं. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

मग माणसं मैदानात उतरली. कुणी रडलं, कुणी गवताचे तुकडे उकरून पिशवीत भरले. अधिकाऱ्याने सगळ्यांना सभ्यपणे बाहेर काढलं, फाटकाला कुलूप घातलं आणि वर कागदी मोहोर चिकटवली. तानो थांब्यावर जाऊन उभा राहिला.

बस आली. नासारेनो रिकामा डबा काखेत धरून उतरला. पिशव्यांतून माती सांडत घरी जाणारी माणसं त्याने पाहिली, आणि निकाल विचारलाच नाही.

"गोल झाला तेव्हा किती वेळ राहिला होता?"

"थोडाच," तानो म्हणाला. हातवारे करायला त्याचे हात वर येत नव्हते.

नासारेनोने फाटकाकडे पाहिलं. मग अगदी हळू, हिशोब पुन्हा पुन्हा तपासून पाहावा तसा म्हणाला, "मी तर नदीवर होतो."

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं."

"नव्हतं रे. कधीच नव्हतं."

"म्हणजे मला येता आलं असतं?"

तानोने त्याच्या काखेतला रिकामा डबा आपल्याकडे घेतला. 

"हो," तो म्हणाला, "प्रत्येक शनिवारी."