खांद्यातली माया

म्हैसूरच्या अग्रहार वस्तीतल्या सुमित्राबाईंनी शिवलेला कपडा अंगाला होईनासा झाला, असं कधी झालं नाही. कारण त्यांची माया. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंप्याच्या घरी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, थोडी माया सोडायची आणि कपडा पुन्हा बेतात आणायचा. बाकीचे शिंपी अर्धा इंच माया ठेवत, सुमित्राबाई चांगली एक इंच ठेवत. मुंजीतला सदरा लग्नात घालून मिरवलेले दोन तरी गृहस्थ या गल्लीत आहेत, असं लोक चेष्टेनं म्हणत. बाईंना ती चेष्टा वाटतच नसे. कोणते दोन, ते त्या नावानिशी सांगत.

घर विठ्ठलाच्या भक्तांचं, म्हैसुरात कितीतरी पिढ्यांचं. नवरा अकाली गेला तेव्हा बाई त्याच्याच मशीनवर बसल्या, त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती. जीभ तिखट, नजर त्याहून तिखट. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात जाऊन बसायचं. आणि या चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही कपडा परत आला नव्हता. ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत, समोरच्याकडून बरोबर वदवून घेत.

असा पहिला कपडा परत आला १९९६ सालच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी. आणला कोणी, तर जयानं.

जया म्हणजे मालोजीरावांची जयलक्ष्मी. मालोजीरावांचे आजे-पणजे म्हैसूरच्या फौजेत होते, आणि त्या फौजेतलं या घरात फक्त एवढंच उरलं होतं की मुलगी रायफल चालवत होती. वय चौतीस, नोकरी ग्रंथालयात, तीही जयलक्ष्मीपुरम भागात, त्यामुळे गल्लीत तिला सगळे "जयलक्ष्मीपुरमची जयलक्ष्मी" म्हणून चिडवत. तिचं परकर-पोलकं सुमित्राबाईंनी शिवलं, शाळेचा गणवेश त्यांनीच शिवला आणि नेमबाजीचा जाड कॅनव्हासचा कोटही त्यांनीच. उजव्या खांद्यावर चामड्याची गादी असलेला हा कोट विकत घ्यायचा तर परदेशातून आणावा लागे. बाईंनी जुना, फाटका कोट उसवून त्याच्या तुकड्यांवरून नवा बेतला. दोन महिन्यांपूर्वी माप देताना जया म्हणाली होती, "मावशी, अंगाला अगदी चापून हवा. माया ठेवू नका." बाई "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि खडू उचलला.

आता तोच कोट तिनं कापायच्या टेबलावर ठेवला.

"मावशी, हा परत घ्या. मला आता नको."

बाईंच्या हातातली कात्री जागीच थांबली. "परत? येनु गं, काय झालं, कुठं उसवला?"

"उसवला नाही. कोट झकास आहे. माझंच काही खरं नाही."

एवढं बोलून जया स्टुलावर बसली आणि रडली. चौतिसाव्या वर्षी माणूस रडतं तेव्हा आवाज होत नाही. बाईंनी कात्री खाली ठेवली, दार अर्धं लोटलं आणि सगळं विचारून घेतलं.

राज्याच्या संघात दुर्बीण लावलेल्या रायफलच्या गटात एकच जागा होती. चाचणी रविवारी. दहा गोळ्या पन्नास मीटरवर, दहा शंभरावर. पन्नासला जयाचा नेम कोणाला हार जाणारा नव्हता. शंभराला मात्र गोळ्या उजवीकडे आणि जराशा खाली जात. आधी सगळ्यांनी दुर्बिणीला दोष दिला. तिच्या कड्यांचे स्क्रू आवळले, तरी तेच. दुसऱ्याची दुर्बीण आणून चढवली, तरी तेच. नेम सरकवायची कळ डावीकडे फिरवली, तर एक दिवस जमलं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या थेट डावीकडे. शेवटी पुट्टस्वामी सर, म्हणजे तिचे गुरू, टेबलाशी बसले, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि शंभर मीटरवर स्वतः दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा मध्यात. म्हणजे रायफल धुतल्या तांदळासारखी आणि दुर्बीणही. मग दोष कोणाचा?

"सर म्हणाले, वय झालं अम्मा, शंभराला श्वास धरवत नाही तुला. रविवारी असंच झालं तर जागा बेंगळुरूच्या मुलीला. पुढच्या वर्षी मी पस्तिशीची, मावशी. पुढचं वर्ष कुठलं आलंय?"

"तुझं वय झालं, तर मी काय स्वर्गातून शिवते?" बाई कडाडल्या. "ते कागद आण इकडं."

जयाच्या पिशवीत भोकं पडलेल्या कागदांची गुंडाळी होती, प्रत्येकावर तारीख. बाईंनी टेप काढला. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्यांचं सगळं आयुष्य सुतांवर चाललेलं. एका तारखेला पन्नासच्या कागदावर गोळ्या मध्यापासून दोन सूत उजवीकडे होत्या. एवढुशी चूक मधल्या काळ्या ठिपक्यात झाकली गेली होती, म्हणून कोणी पाहिली नव्हती. त्याच तारखेचा शंभरचा कागद, आठ सूत. दुसरी तारीख, तीन आणि बारा.

"अंतर किती वाढलं?" बाईंनी विचारलं.

"दुप्पट."

"आणि चूक चौपट. दुर्बीण नुसती वाकडी बसली असती तर चूकही दुप्पटच झाली असती, अल्वा, हो ना? सरळ रेघ आहे ती. तुमच्या नेमबाजीत चौपट काय होतं?"

जया डोळे पुसत म्हणाली, "गोळीचं पडणं. पन्नासला जेवढी खाली येते, शंभराला त्याच्या साधारण चौपट. म्हणून शंभरासाठी कळ वर चढवावी लागते."

सुमित्राबाईंनी टेबलाखालून एक लहंगा ओढून काढला, गिऱ्हाइकानं दुसऱ्या दुकानात शिवून बिघडवून आणलेला. त्याचा घेर एकीकडे लोंबत होता.

"हे बघ. कापताना उभा धागा तिरका गेला की पडणारं कापड बाजूला पडतं. तुझं दुखणं पडण्याचं आहे, वळण्याचं नाही. नेम धरताना तुझ्या दुर्बिणीतली उभी तार उभी राहत नाही, रायफलच कलते, आणि पडण्यासाठी वर चढवलेला नेम बाजूला जातो. उद्या मी येते."

शनिवारी सकाळी सुमित्राबाई नंजनगूडच्या बसनं नेमबाजीच्या रेंजवर उतरल्या. सोबत पिशवीत गोधडीचा जाड पांढरा दोरा, मशीनमधली बॉबिनची लोखंडी डबी आणि काळ्या अस्तराचा तुकडा. पन्नास मीटरवरच्या चौकटीला त्यांनी अस्तर टाचलं, त्यावरून दोरा सोडला आणि खाली डबी बांधली. डबी डोलून थांबली आणि दोरा ओळंब्यासारखा सरळ झाला. पुट्टस्वामी सर हाताची घडी घालून बघत होते. त्यांच्या रेंजवर शिंपीण पहिल्यांदाच आली होती.

"आधी पिशव्यांवर ठेवून बघ," बाई म्हणाल्या.

जयानं दुर्बिणीतून पाहिलं. "तार आणि दोरा एकावर एक. तंतोतंत."

"आता कोट घाल, आडवी हो, रोजच्यासारखा नेम धर. दोऱ्याकडं बघून सरळ करू नकोस हां. जशी बसते तशी बसू दे."

जया पालथी पडली, रायफलचा दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला.

"मावशी," ती म्हणाली, "तार कलली आहे. उजवीकडे. मला तर सरळच वाटत होती."

"मोकळ्या माळावर सरळ काय नि तिरकं काय, डोळ्याला कोण सांगणार?" बाई खुशीत म्हणाल्या. पुट्टस्वामी सरांनी हाताची घडी सोडली. बाई जयाला म्हणाल्या, "आता कोट काढ आणि पुन्हा बघ."

जयानं कोट काढला, नुसत्या सदऱ्यावर पुन्हा आडवी झाली.

"सरळ आहे."

सुमित्राबाईंनी कोट उचलला आणि उजव्या खांद्यात हात घातला. चामड्याच्या गादीखाली, अगदी दस्ता टेकतो तिथे, बोटांना वरंबा लागला. त्यांच्याच हातची एक इंच माया, दोन्ही बाजूंची, जाड कॅनव्हासची, एकावर एक दुमडलेली. दस्ता त्या वरंब्याला अडून कलंडत होता. घडी आज अशी बसे, उद्या तशी, म्हणून चूकही रोज वेगळी. "ठेवू नका" असं पोरीनं तोंडानं सांगितलं होतं. बाईंनी ऐकलं होतं आणि हातानं आपलं तेच केलं होतं. दोन महिने पोरगी रडत होती ती आपल्या शिवणीपायी.

गप्प राहता आलं असतं. कोट घरी नेऊन गुपचूप दुरुस्त केला असता तर कोणाला कळणार होतं? चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. हा विचार बाईंच्या मनात आला, खोटं कशाला बोला. पण त्यांनी घसा खाकरला आणि सरांनाही कळावं म्हणून कन्नडात, मोठ्यानं सांगितलं, "चूक माझी आहे. हिचा श्वास बरोबर, हिचं वय बरोबर. माझी शिलाई चुकली." मग जयाकडे वळून हळूच मराठीत म्हणाल्या, "माया ठेवली मी. तू नको म्हटलं होतंस."

जयानं त्यांना बसवलं, कोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली.

बाईंनी पिशवीतून सुई-कात्री काढली, बोटाला अंगुस्तान चढवलं. शिवण उसवली, माया बाहेर काढली, पण कात्री काही चालेना. उसवून सोडलेली माया त्यांनी हजारदा पाहिली होती, कापून टाकलेली एकदाही नाही. शेवटी डोळे बारीक करून त्यांनी ती सरळ कापली. खांदा सपाट केला आणि बारीक टाके असे घातले की नखालाही लागू नयेत.

जया शंभरावर आडवी झाली. पहिली गोळी गेली. गोळी कुठे लागली ते सांगायला दुर्बिणीला डोळा लावून बसलेला रेंजवरचा माणूस ओरडला, "स्वल्प मेले!" म्हणजे कन्नडात, जराशी वर.

"मेले काय मेल्या, शुभ बोल!" बाईंनी त्याला मराठीतच झापलं. जया पडल्या पडल्या इतकी हसली की दुसरी गोळी झाडायला तिला थांबावं लागलं. आधी खाली जातात म्हणून तिनंच कळ वर चढवून ठेवली होती. ती दोन खाचा उतरवली आणि पुढची गोळी मधोमध बसली.

रविवारी पन्नास मीटरवर जया आणि बेंगळुरूची मुलगी यांचे गुण अगदी बरोबरीत राहिले. मग शंभरच्या चौकटी लागल्या. सुमित्राबाई बाकावर बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत. कालचाच माणूस गोळी कुठे लागली ते ओरडून सांगायला बसला होता. पहिल्या गोळीला तो काही बोलला नाही. दुसरीला नाही. पाचवी झाली तरी गप्प.

"अरे, सांग की! उजवीकडं, डावीकडं?"

"काय सांगू अम्मा?" तो दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला. "सगळ्या एकाच भोकातून चालल्यात."

दहावी गोळी झाली. पुट्टस्वामी सर स्वतः जाऊन कागद घेऊन आले, पण जाताना चालत गेले ते येताना जवळजवळ धावत आले. बाईंनी कागद हिसकावलाच त्यांच्या हातातून. कनवटीच्या बटव्यातून कोटाचं एक मोठं बटण काढलं आणि मध्यावर ठेवलं. दहाच्या दहा भोकं बटणाखाली झाकली गेली. सुमित्राबाईंनी ते बटण उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं, आणि मग भर मैदानात, साठीच्या उंबरठ्यावरच्या त्या बाईनं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. बेंगळुरूच्या मुलीनं येऊन जयाला मिठी मारली. जागा जयाची झाली होती.

सर कागदावर सही करताना मान हलवत म्हणाले, "दोन महिन्यांचा तो दोष एका दिवसात गेला कुठे?"

"माया होती, सर. मावशीनं कापली."

"मायवायितु!" सर खूश होऊन म्हणाले. कन्नडात त्याचा अर्थ, गायब झाली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं, आणि दोघींनी ते दुरुस्त केलं नाही.

बसच्या थांब्याकडे चालताना जया म्हणाली, "मावशी, काल कापलेली ती पट्टी कुठं आहे?"

"टाकली."

"खोटं."

बाईंनी जरा चुळबुळ केली आणि बटव्यातून कॅनव्हासची पट्टी काढली, व्यवस्थित गुंडाळलेली. जयानं ती घेतली आणि रायफलच्या पेटीच्या मुठीला घट्ट गाठ मारून बांधली.

"अय्यो, ते कशाला आता? नको म्हणाली होतीस ना तू?"

"खांद्यात नको म्हणाले होते, मावशी," जया म्हणाली. "नकोच, असं कुठं म्हणाले?"

सुमित्राबाईंनी पदरानं नाक पुसलं, बस चुकेल म्हणून तिलाच रागावल्या, आणि पेटीची दुसरी बाजू उचलून धरली.