तिरपा फासा

विघ्नहर्त्या गजाननाच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास बसलो आहे. आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. विक्रोळीच्या एका घरी पूजा सांगून नुकताच परतलो. तिथे आज ज्या यजमानाच्या हातांनी मूर्तीवर अक्षता वाहिल्या, त्याच हातांनी महिन्यापूर्वी आपल्या सख्ख्या थोरल्या भावाचे मनगट मोडले होते. आणि त्याच दिवशी, आयुष्यात प्रथमच, मीही एका माणसावर प्रहार केला. देवाने ते सर्व पाहिले आहे. त्याच्यापासून लपले नाही ते वाचकांपासून काय लपवायचे?

हे दोघे भाऊ मूळचे सिंधुदुर्गातले, गिरणी कामगाराचे मुलगे. थोरला कारखान्यातून निवृत्त होऊन विक्रोळीस राहतो, वय एकाहत्तर. धाकटा बावीस वर्षे मस्कतला नोकरी करून परतला आणि मुलुंडला घर करून राहिला. गावचे घर मिटले तेव्हा घराण्याचा गणपती थोरल्याने आपल्याकडे आणला. त्या घरचा पुरोहित मी. पत्नी गेल्यापासून थोरल्याच्या घरात माणसांचा आवाज घुमतो तो केवळ त्या पाच दिवसांत. धाकट्याचे म्हणणेही खोटे नव्हते. बावीस चतुर्थ्या त्याने परमुलखात काढल्या होत्या. देव आपल्याही उंबऱ्याच्या आत यावा, एवढीच त्याची मागणी होती. एका घराण्याची मूर्ती दोन घरी बसवायची नाही, ही त्यांची रीत. या एका गोष्टीवरून दोघे दोन वर्षे एकमेकांस ओरबाडत होते.

धाकट्याने मस्कतहून बॅकगॅमनचा पट आणलेला होता. अक्रोडी लाकडाची जड पेटी, कोपऱ्यांना पितळ. उघडली की आत चोवीस टोकदार घरे. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. दोन फासे टाकायचे, पडलेल्या दानाप्रमाणे सोंगट्या पुढे सरकवून शेवटच्या सहा घरांत आणायच्या, आणि मग पटाबाहेर काढायच्या. जोडीचे दान पडले तर ते चार वेळा खेळायचे. ज्या घरात दोन सोंगट्या, ते घर शत्रूला बंद. एकटी सोंगटी सापडली तर ती मारायची. मेलेली सोंगटी मधल्या पट्टीवर, म्हणजे बारवर, जाऊन बसते आणि शत्रूच्या शेवटच्या सहा घरांपैकी पडलेल्या आकड्याच्या घरातून पुन्हा पटात शिरेपर्यंत तिच्या धन्याला दुसरी काही हालचाल करता येत नाही. श्रावणातल्या दुपारी दोघे विक्रोळीच्या घरी हा खेळ मांडीत, आणि मी पाहत बसे.

खेळताना ते भाऊ राहत नसत. सोंगटी मारायची म्हणजे नुसती उचलायची नव्हे. आपली सोंगटी तिच्यावर अशी आदळायची की पट हादरावा.

“मेलास रे मेलास!” धाकटा ओरडे. “दादा, दारू न पिता बारवर बसवला तुला!”

“हस तू. तुझ्या नरड्यावर पाय देऊनच बाहेर येतो की नाय बघ.”

एका दुपारी धाकट्याने डाव मांडण्यापूर्वी सांगितले, “भांडण पुरे झालं. गणपती कोणाकडे, ते पटावर ठरवू. हरणाऱ्याने यंदा तोंड उघडायचं नाय. गुरुजी पंच.”

मी थांबवायला हवे होते. द्यूताने कुळे कशी नासली हे मी जन्मभर पोथीत वाचले, लोकांना सांगितले. परंतु ‘पंच’ हा शब्द कानाला गोड लागला. प्राचीनांनी फाशांच्या दानांना कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगांची नावे दिली होती, हे मी दोघांना अनेकदा ऐकवले होते. त्या विद्येचा मान होतो आहे असे मला वाटले. पेटीच्या झाकणात नियमांचा छापील कागद घडी घालून ठेवलेला होता. तो मी उघडलाही नाही.

या खेळात दोन फाशांखेरीज तिसरा एक मोठा ठोकळा असतो. तो टाकायचा नसतो. त्याच्या बाजूंवर दोन, चार, आठ असे चौसष्टापर्यंत आकडे. आपली सरशी होते आहे असे ज्याला वाटेल त्याने फासे टाकण्याआधी तो समोर सरकवायचा: पण दुप्पट. दुसऱ्याने एकतर डाव सोडून आधीचा पण हरायचा, नाहीतर ठोकळा आपल्याकडे घ्यायचा. मग पुढची दुप्पट करण्याचा अधिकार त्याचा. इथे पण होता वर्षांचा.

धाकट्याने आरंभीच ठोकळा ढकलला. “दोन वर्षं.”

“घेतला,” थोरला म्हणाला. चार-सहा दानांनंतर त्यानेच तो परत भिरकावला. “चार. घाबरलास?”

“मी? तुझ्या छातीवर बसून चार घेतो.”

मग थोरल्याची एक सोंगटी मेली आणि एका दानात आत येऊ शकली नाही. धाकट्याच्या सहा घरांपैकी पाच बंद होती, आणि उरलेल्या पाच क्रमांकाच्या घरात त्याची एकच सोंगटी उघडी उभी होती. त्याने ठोकळा उचलून आठाची बाजू वर केली आणि भावाच्या बोटांवर दाणकन ठेवला.

थोरल्याने हात मागे घेतला नाही. “आठ वर्षं मी जगणार नाय, हे तुला ठाऊक आहे. माझं मरण लावतोस पणाला?”

“मग सोड डाव. चार वर्षं दे.”

“घेतला! टाक तुझं दान.”

धाकट्याच्या दानाने ती एकटी सोंगटी झाकता आली नाही; आता फासे थोरल्याच्या हातात होते आणि त्याला पाच हवे होते. दुसऱ्या कोणत्याही दानाने तो आत येऊ शकत नव्हता. फासे पडले. एक सपाट बसला, त्यावर दोन. दुसरा एका सोंगटीच्या कडेला टेकून तिरपा राहिला. वरच्या बाजूला पाच.

“तिरपा आहे. धरायचा नाय. दोन्ही पुन्हा टाक,” धाकटा म्हणाला.

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. त्यांच्या गावी देवाच्या अंगावर फुले लावून कौल मागतात. फूल उजवीकडे पडो की डावीकडे. एकदा पडले की पुन्हा मागत नाहीत. मागणे हा देवाचा अपमान. मीही त्याच मुलखातला. मी म्हणालो, “पडले ते पडले. पाच.”

“गुरुजी, हा कौल नाय, खेळ आहे!”

“पंच मी आहे,” असे मी म्हणालो. ते शब्द आजही कानांत टोचतात.

थोरल्याने पाचावर सोंगटी आपटली. धाकट्याची एकटी मेली. पुढल्या दानात दुसरीही सापडली, तीही मेली. आता थोरल्याची पाच घरे बंद होती, आणि धाकट्याला आत येण्यास सहाच हवा होता. तो फासे टाकीत राहिला. तीन-एक. चार-दोन. पाच-तीन. प्रत्येक दानाला तो जमिनीवर मूठ हाणीत होता; बोटांची सालपटे निघाली, रक्त लादीवर उमटले, तरी थांबला नाही. थोरला मोजून मापून आपल्या सोंगट्या बाहेर काढीत गेला. शेवटची काढली तेव्हा धाकट्याच्या मेलेल्या सोंगट्या आत येऊन पुढे सरकल्या होत्या, पण एकही बाहेर निघालेली नव्हती. आणि तसे झाले तर जिंकलेले पुन्हा दुप्पट होते.

थोरला हसला. “आठाचे सोळा. आता तुझ्या घरी गणपती तुझा नातू बसवील, बाळा. तू नाय.”

धाकट्याने पेटी सोंगट्यांसकट उचलली. पितळी कोपरा भावाच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दात तुटून बाहेर आला. दुसरा घाव चुकवायला थोरल्याने उजवा हात आडवा धरला आणि मनगटाचे हाड मोडले; सुके लाकूड मोडावे तसा तो आवाज मी ऐकला. तो उताणा पडला. धाकटा त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी गळा आवळू लागला. “पाच नव्हता! बोल, पाच नव्हता!” थोरल्याचे डोळे पांढरे होऊ लागले.

मी देवाचे नाव घेतले. त्याने काही झाले नाही. मग ज्यावर बसलो होतो तो शिसवी पाट दोन्ही हातांनी उचलला आणि धाकट्याच्या बरगड्यांवर सर्व शक्तीनिशी हाणला. एकदा नव्हे. दुसरा तडाखा हाणला तेव्हा त्याची पकड सुटलेली होती. तो दुसरा माझ्या क्रोधाचा होता.

शेजारी धावून आले. थोरल्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. “मोरीत पडलो,” एवढेच त्याने डॉक्टरांना सांगितले. मी मागे राहून लादी धुतली, सोंगट्या वेचल्या, आणि झाकणातला कागद प्रथमच उघडून वाचला. स्पष्ट लिहिले होते: फासा तिरपा राहिला तर दान रद्द, दोन्ही फासे पुन्हा टाकावेत.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेलो. धाकटा कुशीला उशी धरून बसला होता. मी कागद त्याच्यापुढे ठेवला, चूक माझी म्हणालो, आणि दुसऱ्या तडाख्याबद्दल क्षमा मागितली. त्याने कागद पाहिला नाही.

“नियम मला ठाऊक होता, गुरुजी. म्हणून काय दादाचा गळा दाबायचा होता?”

मग विक्रोळीला जाऊन कागदातला नियम मी थोरल्यालाही सांगितला. सुजलेल्या ओठांतून तो म्हणाला, “म्हणजे डावच मोडला. माझी सोळा गेली. त्याची आठ पण गेली. आणि ह्या हातानं यंदा देवावर पाणी कोण घालणार? डाव्यानं चालत नाय ना?”

“नाही.”

“मग बोलवा त्याला. मी नाय बोलवणार.”

आज सकाळी धाकटा आला. थेट मूर्तीसमोर जाऊन बसला. मी मंत्र सांगत गेलो, तो पूजा करीत गेला. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन थोरला शेजारी बसला होता. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी धाकट्याने मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावली. शेवटी नमस्काराला तो पुरता वाकू शकला नाही. कुशीला हात लावून अर्ध्यावरच राहिला. ते दुखणे मी दिलेले आहे.

तो चपला घालीत असताना थोरला आतूनच म्हणाला, “पुढच्या वर्षी मुलुंडला न्यायचा.”

“एक वर्ष?”

“एक. आणि दुप्पट म्हणालास तर दुसरा हात अजून चांगला आहे माझा.”

धाकटा हसला नाही. परंतु चपला पुन्हा काढून आत आला आणि पानावर बसला. दोघे समोरासमोर, खाली पाहत जेवले. मी वाढत होतो.

हे वाचणाऱ्या तुम्हां सर्वांच्या घरी भावंडे एका पंक्तीला बसोत. क्रोधात उचललेला हात खाली येण्यापूर्वी श्रीगजानन तो धरो; तुमच्या मुलाबाळांना आयुष्य, वडीलधाऱ्यांना शांती आणि घराला अन्न देवो. शुभं भवतु.