किसन मास्तरांचं इंग्लिश

किसन मास्तर ट्रंपेट तोंडाला लावण्याआधी त्याची तोटी काढून मुठीत धरायचे आणि दोन-तीन मिनिटं तिला ऊब द्यायचे. जानेवारीत द्यायचे तशीच मे महिन्यातही द्यायचे. नवरदेव घोड्यावर बसून घामाघूम झालेला, करवल्या ताटकळलेल्या, आणि हे आपले मूठ मिटून उभे. कुणी घाई केलीच तर म्हणायचे, "गार तोटीतून गार सूर निघतोय. तुमच्या पोराचं लगीन हाय का मयत?"

शिरूरमध्ये आमच्या वस्तीत त्यांचं घर आमच्यापासून चौथं. बँडची माणसं अकरा, गणवेश नऊ, त्यामुळे झांजा वाजवणारे दोघं कायम मागच्या रांगेत. लग्नसराईत घोडनदीपासून भीमेपर्यंत त्यांना बोलावणं असायचं. मास्तर चौथी शिकलेले, पण एकदा ऐकलेलं गाणं त्यांच्याकडून सहसा निसटत नसे. आणि भीती नावाची गोष्ट त्यांच्या गावीच नव्हती. अमावस्येला लग्न काढणारं घर भेटलं की ते खूश व्हायचे. "त्या दिवशी दुसरी सुपारी नसती. निवांत वाजवतो." ट्रकला टांगलेली लिंबू-मिरची दिसली की ड्रायव्हरला विचारायचे, "दादा, कोशिंबीर कवा करणार?" सरावाला तर ते भर दुपारी नदीकाठच्या स्मशानात जायचे. तिथं पत्र्याची शेड होती, सावली होती. "हितले कोण म्हणत न्हाईत, मास्तर, बंद करा," असं म्हणून स्वतःच हसायचे. विहारात दर रविवारी वंदनेला पुढं बसणारे आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तिथल्या तिथं उठवून लावणारे मास्तर वस्तीतल्या आम्हा पोरांना फार आवडायचे.

पुढं मास्तरांच्या हाती एक विलायती गाणं लागलं, त्याला मीच कारण झालो. मी तेव्हा पुण्यात इंग्रजीत एम. ए. करत होतो. वस्तीतला पहिलाच. आमच्या माळवदावरच्या खोलीत रांजणगावच्या कारखान्यातला एक सुपरवायझर भाड्यानं राहायचा, भिलाईकडचा. त्याला विलायती गिटारच्या गाण्यांचा भारी नाद. बदली झाली तेव्हा एक कॅसेट मला देऊन गेला. तिच्या दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं अजब होतं. सुरुवातीला नुसतं गिटार, मग ढोल, मग कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडतंय. शब्द तर विचारूच नका. पांढरा झगा घातलेली मुलगी, नऊ चमचे, आंधळा पोस्टमन, तीन हिवाळे, आणि फिरून फिरून एकच ओळ, ती पाण्याकडे गेली. कशाचा कशाला मेळ नाही. मी अर्थ विचारला तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, "मतलब मत ढूँढो यार. गानेवालों को भी नहीं मालूम. बस सुनो."

मास्तरांनी ते आमच्या ओट्यावर बसून तीनदा ऐकलं आणि उठून स्मशानात गेले. संध्याकाळी परत आले ते गाणं घेऊनच. पहिल्यांदा त्यांनी ते वाजवलं स्वतःच्या मुलीच्या वरातीत. वंदना त्यांची एकुलती एक. जावई दौंडला रेल्वेत. काय नाचले होते लोक! त्या दिवसापासून त्या गाण्याला 'इंग्लिश' हेच नाव पडलं. वरात वेशीत आली की पोरं ओरडायची, "मास्तर, इंग्लिश होऊ द्या!"

तीन लग्नसराया हे असंच चाललं. मग एका दिवाळीत मी घरी आलो असताना मास्तर चारचौघांत मला म्हणाले, "सर, आमचं इंग्लिश तुम्ही म्हंजी कवा समजूनच सांगितलं न्हाई. काय म्हनतोय त्यो गडी?"

मी एम. ए. होऊन नुकताच एका कॉलेजात तासिकेवर लागलो होतो. मास्तर वयानं वडिलांएवढे, पण मला सर म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि परगावच्या पाहुण्यांना "हे आमच्या वस्तीतले इंग्रजीचे सायेब" म्हणून दाखवायचे. अशा माणसाला 'मला माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना. मी घसा खाकरला आणि दिलं ठोकून. म्हणालो, ही एका नव्या नवरीची गोष्ट आहे. पांढरा झगा म्हणजे त्यांच्याकडचा लग्नाचा शालू. पोस्टमन येतो तो तिच्या मरणाची चिठ्ठी घेऊन. आणि 'ती पाण्याकडे गेली' म्हणजे, लग्नानंतरचा तिसरा हिवाळा सरायच्या आत ती पाण्यात जीव देते. मला स्वतःलाच तो अर्थ इतका आवडला, की शेवटी मी आवाजही जरा खाली आणला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मास्तर मात्र बोटांवर काहीतरी मोजत उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन दारात उभे. कोणत्या गावात कुणाच्या लग्नात वाजवलं, याची वही. "सर, पयल्या साली मी ते सात लग्नांत वाजवलंय. वंदीचं धरून सात. त्या साती पोरींचा ह्यो तिसरा हिवाळा हाय."

मी हसायला गेलो, पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं तसं गेलं. वंदना तेव्हा दिवस राहिलेली. बाळंतपण पौषात. पहिली खेप म्हणून तिला शिरूरला आणायचं ठरलं होतं, पण पायांवर सूज आली होती आणि दौंडच्या डॉक्टरांनी एसटीचा प्रवास करायचा नाही असं बजावलं होतं. तिची रेल्वेची खोली नदीपासून हाकेच्या अंतरावर.

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला पुढं कितीदा विचारला असेल. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, कारण चारचौघांत मी खोटं पडलो असतो. एवढंच कारण. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, गाणंच आहे ते. मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "व्हय, व्हय," आणि लूना सुरू करून वहीतल्या पहिल्या पोरीच्या सासरी, इनामगावला निघाले. एकट्याला जाऊ देववेना म्हणून मी मागं बसलो.

इनामगावात मास्तरांनी थाप मारली, की लग्नात ढोलाची एक काठी राहिली होती, ती बघायला आलोय. अडीच वर्षांनी ढोलाची काठी! सासू संशयानं बघत राहिली. सून पोर कडेवर घेऊन बाहेर आली तसे मास्तर तिच्याकडे एकटक बघत म्हणाले, "बरी हाईस ना, पोरी?" ती म्हणाली, "बरी हाय की आप्पा. का वो?" मास्तरांनी वहीत तिच्या नावापुढं बारीक खूण केली. कोरेगाव भीमाला तसंच झालं, फक्त तिथं काठीच्या ऐवजी झांज हरवली होती. चार-पाच दिवसांत असे पाच उंबरे झाले. प्रत्येक उंबऱ्यावर पोरगी बाहेर येईपर्यंत मास्तरांची मूठ आवळलेली असायची. हातात तोटी नसायची, तरी मूठ तशीच.

सहावं घर पाटसला. नवरा साखर कारखान्यात. हंगाम सुरू झालेला, रस्ताभर उसाच्या गाड्या. आम्ही पोचलो तर दाराला कुलूप. मास्तरांनी शेजारणीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "ती व्हय? ती पाण्याकडं गेलीय."

आमच्या भागात हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू येतं. बाया पाण्याकडे जातातच. पण ते ऐकून मास्तर मटकन ओट्यावर बसले. मी त्यांना धीर द्यायला वाकलो आणि मधेच थांबलो. जे मी दिवाळीत फराळ खाता खाता रचलं होतं, तेच त्या शेजारणीच्या तोंडून बाहेर आलं होतं. मी कालव्याच्या बाजूला बघत राहिलो. वीस मिनिटं झाली असतील. मग ती पोरगीच दोन हंडे डोक्यावर घेऊन आली, आम्हाला बघून हसली आणि म्हणाली, "मास्तर? कुनाचं लगीन?" मास्तरांनी तिच्याकडून तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं प्यायले.

येताना लूनावर ते म्हणाले, "सा झाल्या. सातवी राह्यली." त्यानंतर त्यांनी सरावाला स्मशानात जायचं सोडलं. इंग्लिशही सोडलं. मार्गशीर्षातल्या एका वरातीत पोरं ओरडून ओरडून थकली, मास्तरांनी दुसरंच काहीतरी वाजवलं.

पौषात दौंडहून निरोप आला, वंदनाला दवाखान्यात नेलंय. मास्तरांसोबत मी सकाळच्या एसटीनं गेलो. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलाय, वाट बघावी लागेल. बाकावर आम्ही दोघं. जावई औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत होता. आत एकदा वंदना ओरडली. मग बराच वेळ आवाजच नाही. ती शांतता मला सहन होईना. मला वाटलं, मी एका माणसाच्या मुलीचं मरण आधीच सांगून ठेवलंय आणि ते आता खरं व्हायला निघालंय.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या गाण्याचा अर्थ मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी तो मनानं रचला. लोकांसमोर माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

समोरच्या दारावरची नजर न काढता ते हळू आवाजात म्हणाले, "सर, एखाद्या बुवानं सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. आजवर हसतच आलो. पन सांगनारा आपला व्हता. शिकल्याला व्हता. आता तुम्ही म्हंता खोटं व्हतं. मग मी कशाला खरं मानू? दिवाळीतलं, का आत्ताचं?"

दुपारी साडेतीनच्या सुमाराला आतून बाळ रडलं. मुलगी झाली होती. वंदना दोन दिवस गुंगीत होती, पण वाचली. मास्तरांनी वही काढून सातवी खूण केली आणि खिशात ठेवताना त्यांच्या हातून पेन्सिल खाली पडली. मी उचलून दिली. त्यांनी ती घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. पुढं कितीतरी दिवस ते मला रस्त्यात भेटले, की नमस्कार करायचे आणि पुढं जायचे.

सहा-सात वर्षांनी माझं लग्न ठरलं. तोवर डीजे आले होते, मास्तरांचा बँड मोडला होता, पुढचे दोन दात पडल्यामुळे ट्रंपेटही सुटलं होतं. मी बोलावणं द्यायला गेलो आणि म्हणालो, "मास्तर, वाजवाल?" ते म्हणाले, "कवळी बशिवलीय. बघू." लग्नाच्या दिवशी ते जुना गणवेश घालून आले. वेशीत आल्यावर मूठ मिटून उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "सर, त्या इंग्लिशचा अर्थ काय?"

"मला माहीत नाही, मास्तर."

"आता कसं!" ते म्हणाले. "न्हाई म्हाईत म्हनायला येम्मेच्या फुडं शिकावं लागतं म्हंजी." लोक हसले. मास्तरांनी तोटी बसवली आणि इतक्या वर्षांनी इंग्लिश वाजवलं. कवळीतून हवा निसटत होती, सूर फाटत होता, पण मास्तर मोकळे झाले होते. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि मी? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा हात मी घट्ट धरला होता. अर्थ मी स्वतः रचलेला, खोटा असल्याचं मीच कबूल केलेलं, आणि तरी मी मनातल्या मनात हिवाळे मोजत होतो.

मास्तर जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांना त्याच नदीकाठी नेलं, ज्या शेडमध्ये ते सराव करायचे तिच्या जवळच. मी अजून शिकवतो. मुलांनी न येणारं काही विचारलं की भर वर्गात 'मला माहीत नाही' म्हणतो. मास्तरांनी दिलेली ही शिकवण मी आजवर मोडलेली नाही.

पण बायको दौंडच्या शाळेत नोकरीला आहे. तिची संध्याकाळची एसटी उशिरा आली की मी दारात जाऊन उभा राहतो. मूठ आपोआप मिटते. ती येते, चपला काढता काढता विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "कुठं काय?" त्या गाण्याला काही अर्थ नाही, हे मला मास्तरांना पटवता आलं. मला स्वतःला ते अजून पटलेलं नाही.