जमनाबाईंची दया

आर्णीजवळच्या तांड्यातल्या जमनाबाई येशूला मानू लागल्या, तेव्हापासून त्यांची टिंगल सुरू झाली. सगळ्यांत पुढे त्यांचा दीर देवसिंग. जमनाबाई उलट बोलत नसत. आभाळाकडे बघून एवढंच म्हणत, "देवा, दया कर."

एका रविवारी त्या प्रार्थनेला निघाल्या. देवसिंगनं चालत्या मोटारसायकलवर हात जोडून, तोंड वर करून त्यांची नक्कल केली, आणि गाडीसकट म्हशींच्या डबक्यात पडला.

जमनाबाईंना हसू आवरेना. हसतहसतच त्यांनी पदर खोचून त्याला बाहेर ओढलं.

"तुह्या देवानंच पाडलं मले!"

"नाही रे बापा! म्या दया मागतली होती, चिखल नाही."

आता देवसिंगही खो खो हसला. गाडी डबक्यातून बाहेर काढून तो म्हणाला, "बस गाडीवर, वहिनी. तुले उशीर होऊन राह्यला."

तसाच चिखलानं माखलेला तो त्यांना चर्चच्या दारापर्यंत सोडून आला.