तेवीस सेकंदांची फुंकर

"फुंकर व्हती ती! फुंकर!"

"मी कुठे म्हटलं थुंकी होती म्हणून? अक्का, माझ्या आवाजातला एक शब्द दाखवा. मी फक्त प्रश्न विचारला होता."

"आनि खाले लाल अक्षरं? त्या कोनी लिखेल व्हतात?"

"त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं."

"तेच परश्नचिन्ह मना डोकावर पडनं ना, भाऊ. त्याना खालना टिपका सुद्धा चुकना नही."

मांडवात बसलेल्या दोघी-तिघी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून गप्प झाल्या. लग्नघर होतं. उद्या हळद, परवा लग्न. नवरदेव नरडाण्याच्या कंपनीत कामाला. पाटावर नवरी सारिका दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे टाकून बसली होती, आणि तिच्यासमोर अकबरी मणियार उभीच होती. बांगड्यांची पेटी अजून तिच्या कमरेवर. मणियारीण दारात आली की आधी पेटी खाली ठेवते, मग बसते, मग पाणी मागते. पेटी खाली ठेवली नाही म्हणजे अजून आलेलीच नाही.

"अक्का, बस ना," सारिका म्हणाली.

"बससू. तुना भाऊ बोलना म्हंजे बससू. तू फोनवर काय सांगेल व्हतं मले? दादा बोलेल, म्हनीसन."

सारिकाने भावाकडे पाहिलं. समाधानने माईककडे पाहिलं. माईकला थर्माकोलचा चौकोनी डबा चिकटवलेला, चारी बाजूंनी त्याच्या यूट्यूब चॅनलचं नाव. नावातलं एक अक्षर पडलं होतं ते त्याने स्केचपेनने काढलेलं.

"मी 'बघू' म्हटलं होतं," तो म्हणाला.

अकबरी फैजपूरची. सतराव्या वर्षी हनीफशी लग्न होऊन पाचोऱ्यात आली, आणि पहिल्याच महिन्यात सासूने पेटी कमरेला लावून तिला खेड्यांवर पाठवलं. तेव्हापासून चौदा गावं तिची. पायी, बैलगाडीने, पुढे काळीपिवळीने. घरात ती उर्दूमिश्रित हिंदी बोलते, पण या गल्ल्यांमधली तिची अहिराणी इतकी ठसक्याची, की नवीन सुना तिच्याकडूनच शिव्या शिकत. माप ती विचारत नाही. अंगठ्याचं मूळ दाबलं की तिला हात कळतो, आणि हाताबरोबर पुष्कळ काही कळतं: कोणाला दिवस गेलेत, कोण जेवत नाही, कोणाच्या मनगटावर कालची बोटं उमटलीत. ती बोलत नाही. बांगडी तडकली तर "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणते. आणि हात भरून झाले की ज्या बाया देवळातल्या पुजाऱ्याला वाकून नमस्कार करायला कंटाळतात, त्या तिला वाकून नमस्कार करतात. बांगड्या भरणारणीला नमस्कार करायचा असतो. ती मणियार आहे म्हणून कोणी कधी थांबलं नव्हतं.

फुंकर हा तिच्या कामाचा भाग. बांगड्या भाताच्या पेंढ्यात बांधून येतात. कुसळ आत चिकटून राहतं आणि हातात चढताना कातडी सोलतं. म्हणून प्रत्येक बांगडी ती ओठांजवळ धरते, फू करते, नखाने टिचकी मारते, कानाशी नेते. खणखणीत वाजली तर हातात, बद्द वाजली तर बाजूला. डोळे मिटूनही हे तिच्याकडून होतं.

टाळेबंदीतल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती या घरी आली होती. आपण होऊन आली नव्हती. भागाबाईने, सारिकाच्या आईने, निरोप धाडला होता: आखाजीले मनं मनगट मोकळं राही का? ये गुपचूप, मांगला दारथीन. रस्ते बंद, वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या. अकबरी केळीच्या शेतांतून चालत आली, तोंडाला ओढणी बांधून. मागच्या अंगणात निळ्या पिंपाशेजारी बसली. फुंकर मारायला तिने ओढणी खाली केली, टिचकी मारली, बांगडी चढवली.

गच्चीवर समाधान होता. नवीन चॅनल, दोनशे लोक बघणारे. त्याने फोन काढला.

तेवीस सेकंद. अकबरीचं तोंड, तिच्या ओठांजवळची बांगडी, समोर एक हात, मागे निळं पिंप. हाताभोवती त्याने लाल वर्तुळ काढलं, जाड. वर्तुळ बरोबर त्या जागी बसवलं जिथे भागाबाईच्या मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण आहे. गोंदण झाकलं गेलं. खाली लाल अक्षरं: 'ही बाई बांगड्यांवर काय करतेय?' आणि ते प्रश्नचिन्ह.

एक लाख बारा हजार लोकांनी पाहिलं. अकबरीला लिहिता-वाचता येत नाही, पण हा आकडा ती घरातल्या माणसांच्या नावांसारखा म्हणते.

दुसऱ्या दिवशी समाधानने चर्चा ठेवली. पडद्यावर चार चौकटी: धुळ्याचा एक प्राध्यापक, एक पुढारी, कशाचे ते न सांगणारे एक डॉक्टर, आणि मध्ये वर कोट, खाली अर्धी चड्डी घातलेला समाधान. चड्डी फक्त सारिकाला दिसत होती. विषय होता फेरीवाल्यांना गावबंदी करावी का. प्राध्यापक म्हणाले, अफवा नको, पण सावधगिरी हवी. पुढारी म्हणाला, आम्ही कोणत्याही समाजाविरुद्ध नाही, पण. डॉक्टर म्हणाले, थुंकीतून पसरतो हे शास्त्रच आहे. पाचवी चौकट नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात छगन नावाच्या पोराने तिची पेटी वेशीवर पालथी केली. त्याच्या तिन्ही बहिणींचे चुडे तिने भरले होते. बांगड्या पायांखाली गेल्या तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती "फुटल्या, फुटल्या" असं ओरडली. मग चौदा दिवस शाळेत विलगीकरणात, बाकांवर, नाकात काडी. रिपोर्ट निगेटिव्ह. त्या कागदाला प्लास्टिक चढवून तिने तो पेटीच्या झाकणात आतून लावला. हनीफ तोच कागद घेऊन समाधानकडे गेला होता: हेही दाखव ना, बेटा. समाधान म्हणाला होता, "चाचा, निगेटिव्ह ही बातमी होत नाही."

आता तीन वर्षांनी चौदातली तीन गावं उरली होती. अकरा गावं अजून दारातून "नको वं" म्हणत होती. कोरोना गेला, मास्क गेले, वेशीवरच्या फांद्या चुलीत गेल्या. तेवीस सेकंद राहिले.

सारिकाने हट्ट धरला म्हणून ती आज आली होती. मी हात देईन तर अक्कालाच, नाहीतर मोकळ्या हातांनी मांडवात बसेन. आणि अकबरीची एकच अट: ज्या चॅनलवर विचारलं, त्याच चॅनलवर उत्तर दे.

"अहो अक्का, तो व्हिडिओ मी केव्हाच काढून टाकला," समाधान आता समजुतीच्या सुरात म्हणाला.

"तुना फोनमाथीन. त्या एक लाख बारा हजारना फोनमाथीन कोन काढी? तू जाशी घरोघर?"

"मग आता काय करू मी? सांगा!"

"सांगी तं राह्यनू. दोन शब्द. फुंकर व्हती."

"तसं एकदम म्हणता येत नाही. लोक म्हणतील, तेव्हा खोटं बोलला. माझं नाव काय राहील?"

"मनं राह्यनं तेव्हढं राही."

आतून भागाबाई पाणी घेऊन आली. पूर्वी अकबरीला याच घरात तांब्यातून पाणी मिळे. आज प्लास्टिकचा पेला.

अकबरीने पेल्याकडे पाहिलं.

"लगीनना शेतस," भागाबाई घाईने म्हणाली. "बठ्ठासले त्याच देई राह्यनू."

मांडवातल्या बायांच्या हातांत स्टीलचे पेले होते.

"हे बघा," समाधानने टाळी वाजवली, नाटकाची तालीम सुरू करावी तशी. "माझ्याकडे आयडिया आहे. तुम्ही सारिकाचा हात भरा. मी शूट करतो. हिंदू नवरी, मुस्लिम मणियारीण, पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. जुनं काही काढायचंच नाही. आपोआप सगळं धुऊन निघेल. पहिल्यापेक्षा जास्त चालेल बघा."

"बोलशी ना पन त्यामा?"

"बोलतो ना. मीच बोलणार आहे."

अकबरीने त्याच्याकडे पाहिलं. मग पेटी खाली ठेवली.

तिने सारिकाच्या अंगठ्याचं मूळ दाबलं. "वाळी गयी तू," एवढंच म्हणाली. हिरव्या बांगड्या सोडल्या. पहिली ओठांजवळ नेली, आणि तिथेच थांबली. सगळा मांडव त्या ओठांकडे पाहत होता. तिने बांगडी खाली घेतली, ओढणीच्या टोकाने आतून पुसली, टिचकी मारली, कानाशी नेली. पुढची प्रत्येक बांगडी तिने तशीच पुसली. वेळ दुप्पट लागला. एक कुसळ राहिलंच. सारिकाच्या हातावर बारीक लाल रेघ उठली. सारिकाने हात ओढला नाही.

डावा हात भरत आला तसा समाधानने फोन आडवा धरला आणि आवाज बदलला. घरातला समाधान गेला, चॅनलचा आला.

"नमस्कार! आपण पाहताय एकोप्याचं हे हृद्य दृश्य. महामारीच्या काळात काही गैरसमज झाले असतीलही, पण..."

"कोना गैरसमज?" अकबरी मान वर न करता म्हणाली.

"अक्का, मध्ये बोलू नका. बोलायचं तर पॉझिटिव्ह बोला."

"मनं तं निगेटिव शे. कागद शे झाकनमा."

पदरांमागून पुन्हा हसू फुटलं. समाधानचे कान लाल झाले. फोन मात्र त्याने खाली घेतला नाही.

"दादा," सारिका म्हणाली, "गैरसमज कोणी केला ते सांग. नाहीतर हा दुसरा हात मी देत नाही." आणि तिने उजव्या हाताची मूठ आवळून मांडीखाली घातली.

"सारे, परवा लग्न आहे तुझं! एक हात भरलेला, एक रिकामा? पाहुणे काय म्हणतील?"

"प्रश्न विचारतील. तुला आवडतात ना प्रश्न?"

"तुला काही कळतं का? तेव्हा गावात भीती होती. रोज माणसं मरत होती. मी लोकांना सावध केलं!"

"तू कोटाखाली चड्डी घालून सावध केलंस. बरं, फुंकर राहू दे. हात कोणाचा होता, तेवढं तरी सांग."

लाल वर्तुळ सगळ्यांनी पाहिलं होतं. निळं पिंपही सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते आजही मागच्या अंगणात होतं.

अकबरी पहिल्यांदाच भागाबाईकडे वळली. "तुम्ही सांगा, भागाबाई. तीन वरीस मी तुमनं नाव कोनले सांगं नही. शाळामा इचारं, पोलीसनी इचारं. कोना घर गयथी? मी म्हनं, रस्तावर कोनी बाई व्हती, वळखत नही."

"मंग आते कसाले उकरी राह्यनी?" भागाबाई उसळली. हातातला पेला मांडवाच्या खांबावर आपटला, पाणी उडालं. "मनी आंडेरनं लगीन शे नि तू पंचायत मांडी बठनी! हां, मना हात व्हता! मनाच! मीच बलायेल व्हतं तुले, मांगला दारथीन. आखाजीना दिन, मोकळा मनगट, काय करू मी? तू फुंकर मारी, बांगडी घाली, गयी. थुंकी नही, काही नही. मी काय आंधी शे? पन पोऱ्यानं नवं काम व्हतं, घरनं नाव व्हतं, मी काय बोलनी असती? भरनं का तुनं पोट? आते घाल त्या बांगड्या नि जाय!"

तिचा श्वास चढला होता. मनगटावरचं गोंदण पदराखालून बाहेर आलेलं. तिने ते झाकलं नाही, कारण तिला ते दिसलंच नव्हतं.

"आई," समाधान खालच्या आवाजात म्हणाला, "चालू आहे रेकॉर्डिंग."

कोणाचं तरी पैंजण वाजलं. सारिकाने मांडीखालचा हात बाहेर काढला, पण पुढे केला नाही.

"बंद कर ते!" भागाबाई म्हणाली.

"बंद नको करू," अकबरी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, एका हातात उरलेल्या हिरव्या बांगड्या. "हाईच टाक. मनं काही नको, तुना आवाज नको, एकोपा नको. तुनी माय बोलनी तेव्हढं टाक. किती सेकंद व्हयनात? तेवीस तं व्हयनात."

समाधानने फोनचा पडदा पाहिला. अंगठा त्यावर आला, थांबला.

"आईचा चेहरा आहे त्यात," तो म्हणाला.

"मना बी व्हता."

"गाव काय म्हणेल तिला?"

"मले म्हने ना, तेच."

"दादा," सारिका म्हणाली. तिने आता उजवा हात सरळ समोर धरला होता, अकबरीकडे नाही, त्याच्याकडे. रिकामं मनगट, पसरलेली बोटं. "टाकशील का कापशील?"

समाधानने फोन खिशात घातला. माईक उचलला, थर्माकोलचा डबा खांबाला घासून अजून एक अक्षर खाली पडलं. मग त्याने मांडवाच्या कनातीचं टोक वर केलं आणि वाकून बाहेर गेला. थोड्या वेळाने मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.